निवृत्त बचावपटूने आपल्या कारकिर्दीकडे मागे वळून कसे पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ११ हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळलात, आधी डाव्या बाजूचे विंगर (कडेने हल्ला चढवणारे) म्हणून आणि पुढे लेफ्ट बॅक (डाव्या कडेचे बचावपटू) म्हणून. ३३ व्या वर्षी क्लबने करार वाढवला नाही, दुसरीकडून मनासारखे बोलावणे आले नाही आणि आपण थांबलात. त्याला आता तीन वर्षे झाली. घरचे म्हणतात की सगळे लिहून काढा. पण लिहायला बसले की वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचा तो एकच निर्णायक सामना डोळ्यांपुढे उभा राहतो, ज्यात शेवटच्या दहा मिनिटांत उंचावरून आलेल्या क्रॉसवर (कडेवरून गोलसमोर मारलेल्या चेंडूवर) आपल्या मागून धावत आलेल्या खेळाडूने हेडरने गोल केला आणि क्लबची बढती हुकली. त्यापुढे आपण विचारता की कारकीर्द खरोखर कशी होती हे प्रामाणिकपणे कसे ठरवायचे, आणि ती लिहावी की नाही.

मी स्वतः सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो, तेही बहुतांश दुसऱ्या श्रेणीत. नंतर प्रशिक्षक झालो, आणि आता बरीच वर्षे निवृत्त खेळाडूंबरोबर बसून त्यांच्या कारकिर्दीची उजळणी करून घेण्याचे काम करतो आहे. या अनुभवावरून सांगतो की आपल्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले गेले आहेत. पहिला, नेमके काय घडले. आणि दुसरा, त्याचे मोल किती. जवळजवळ प्रत्येक निवृत्त खेळाडू दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, म्हणजे पुरावा जमण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. पहिल्या प्रश्नावर पुरेसे काम झाले की दुसऱ्याचा पीळ बराच सैल होतो, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून या उत्तराचा मोठा भाग पहिल्या प्रश्नावरच आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच मान्य केलेले बरे. कारकीर्द संपली कशी, याचा फरक फार मोठा असतो. जो स्वतःहून थांबतो, ज्याला दुखापतीने थांबवले आणि ज्याला कराराचा कागद न आल्यामुळे थांबावे लागले, हे तिघे आपापल्या कारकिर्दीची गोष्ट तीन वेगळ्या टोकांकडून सांगतात. फ्रान्सच्या जुस्त फाँतेनने १९५८ च्या एकाच विश्वचषकात १३ गोल केले आणि पायाच्या हाडांच्या दुखापतींमुळे तिशीच्या आतच त्याला खेळ सोडावा लागला. नेदरलँड्सचा मार्को व्हॅन बास्टेन आपला शेवटचा स्पर्धात्मक सामना मे १९९३ मध्ये, क्लबांच्या युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीत, २८ वर्षांचा असताना खेळला. पण निवृत्ती जाहीर केली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. मधली दोन वर्षे तो घोट्याच्या उपचारांत आणि परत येण्याच्या आशेत होता. अशा खेळाडूला 'शेवट' नावाचा एक ठरावीक दिवस सापडत नाही. आपल्यालाही तो सापडला नसावा, कारण करार न वाढल्यावर कित्येक आठवडे दूरध्वनीची वाट पाहण्यात जातात आणि त्यातला नेमका कोणता दिवस शेवटचा होता, हे कोणीच सांगत नाही.

शेवटाचा प्रभाव इतका का पडतो, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रात आहे. डॅनिएल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी एकदा ६० सेकंद बोचऱ्या गार पाण्यात हात बुडवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, पण या जादा वेळात पाणी किंचित कमी गार होत गेले. पुन्हा काय कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे एकूण त्रास अधिक वेळ देणारा पर्याय निवडला. स्मृती कालावधी मोजत नाही. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण धरून ठेवते. आपल्या बाबतीत तीव्र क्षण म्हणजे तो गोल आणि शेवट म्हणजे न आलेला करार. या दोन खुंट्यांवर ११ हंगाम टांगले गेले आहेत. हा आपल्या स्वभावाचा दोष नाही. मात्र असे टांगलेले चित्र खरे आहे असे मानण्याचेही कारण नाही.

बचावपटूच्या बाबतीत हे आणखी बिकट होते, कारण त्याच्या चांगल्या कामाची खूणच राहत नाही. आघाडीपटूने केलेला गोल गुणफलकावर लागतो. लेफ्ट बॅकने दोन पावले आत सरकून बंद केलेली पासची वाट कुठेच लागत नाही, कारण तो पास दिलाच गेला नाही. पावसाळाभर छप्पर गळले नाही तर त्याची आठवण कोणी काढत नाही, तसे हे आहे. परिणामी बचावपटूच्या स्मरणात त्याच्या चुकांचे दाणेदार चित्रण साठते आणि यशाच्या जागी नुसती शांतता असते. निवृत्त गोलरक्षक आणि बचावपटू यांच्याशी बोलताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मी आघाडीपटूंची आणि त्यांची उजळणी एकाच पद्धतीने घेतच नाही.

स्मृतीवर विसंबू नये, यासाठी आणखी एक कारण आहे. इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर या संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुटबॉल प्रशिक्षकांना सामना दाखवून त्यातील महत्त्वाच्या घटनांविषयी लगेच प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना निम्म्याहून कमी गोष्टी बरोबर सांगता आल्या. हे बाहेर शांतपणे बसून पाहणाऱ्यांचे झाले. मैदानात धाप लागलेल्या, कर्कश गोंगाटात खेळणाऱ्या आणि पुढे वर्षानुवर्षे तोच क्षण मनात घोळवणाऱ्या माणसाची स्मृती त्याहून अधिक विश्वासार्ह असेल, असे मानणे कठीण आहे.

आता त्या गोलाकडे येतो, कारण तो बाजूला ठेवून पुढे जा असे सांगणे निरुपयोगी आहे. त्या सामन्याचे चित्रण मिळवा. पण दूरचित्रवाणीवर दाखवलेले नको. आपल्या क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाने उंचावरून घेतलेले, संपूर्ण मैदान दिसणारे चित्रण मिळते का ते पाहा. याचे कारण तांत्रिक आहे. प्रक्षेपणाचा मुख्य कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. क्रॉस आपल्या उजव्या बाजूकडून आला, म्हणजे चेंडू तिकडे असताना गोलच्या दूरच्या खांबाजवळचा लेफ्ट बॅक बहुधा चित्राच्या चौकटीबाहेरच असतो. चेंडू हवेत गेल्यावर कॅमेरा वळतो आणि प्रेक्षकाला, आणि नंतर चित्रफीत पाहणाऱ्या आपल्यालाही, लेफ्ट बॅक प्रथम दिसतो तो हरलेल्या अवस्थेतच. त्याआधीचे दहा सेकंद तो काय करत होता, याची नोंदच नसते. दूरच्या खांबावर गोल खाल्लेल्या प्रत्येक फुलबॅकवर, म्हणजे कडेच्या बचावपटूवर, हा अन्याय होत आला आहे.

विस्तृत चित्रण मिळाले, की गोलाच्या ३० सेकंद आधीपासून ते आवाज बंद करून पाहा, आणि प्रत्येक वेळी एकाच खेळाडूवर नजर ठेवा. पहिल्यांदा चेंडू कोणी आणि कुठे गमावला ते पाहा. दुसऱ्यांदा आपला राइट बॅक पाहा: क्रॉस मारणाऱ्यापासून तो किती अंतरावर होता? मान वर करून, पाऊल नीट रोवून क्रॉस मारायला मिळाला असेल, तर मधल्या सगळ्यांचे काम दुपटीने अवघड होते. तिसऱ्यांदा दोन्ही सेंटर बॅक पाहा: जवळच्या खांबाकडे धावलेल्या स्ट्रायकरबरोबर दोघेही ओढले गेले का? तसे असेल तर आपल्यासमोर सात-आठ मीटरचे खिंडार पडले असणार. चौथ्यांदा आपल्या पुढचा लेफ्ट विंगर पाहा. मागून आलेला गोल करणारा खेळाडू त्याने सोडून दिलेला होता का? बढतीच्या सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत विंगर पुढेच थांबलेला असतो, आणि कधीकधी तसे त्याला बाकावरून सांगितलेलेही असते. गोलरक्षकाची जागा आणि त्याची हाक हे पाचवे. हाक अर्थात चित्रणात ऐकू येणार नाही, पण त्याचा हात आणि पहिले पाऊल दिसते.

सगळ्यात शेवटी स्वतःला पाहा, आणि तेव्हा पायांकडे न बघता कंबरेकडे बघा. दूरच्या खांबावरच्या फुलबॅकने शरीर अर्धे उघडे ठेवावे लागते, म्हणजे एका नजरेत चेंडू आणि मान किंचित वळवून माणूस. कंबर पूर्णपणे चेंडूकडे वळली, की पाठीमागचा खेळाडू दिसेनासा होतो, आणि जागेवरून उडी मारणाऱ्यापेक्षा धावत येणारा उंच जातो, हे भौतिकशास्त्र कोणाला चुकत नाही. क्रॉस हवेत असतो तो साधारण दीड-दोन सेकंद. तेवढ्यात वळून, माणूस शोधून, अंग लावणे बहुधा जमत नाही. जे करायचे ते चेंडू मारला जाण्याआधी करावे लागते. हे सगळे पाहून झाल्यावर कदाचित असे दिसेल की आपण शेवटची नजर मागे टाकायला हवी होती आणि टाकली नाही. तेवढा भाग आपला. तो नाकारू नका. मात्र अनेक जणांच्या साखळीतली ती एक कडी होती, आणि कॅमेऱ्याने ती एकटीच दाखवली, हेही तितकेच खरे आहे.

१९९४ च्या विश्वचषकाची इटली-ब्राझील अंतिम लढत, जी बरोबरीनंतर पाच-पाच पेनल्टींवर गेली, या संदर्भात मी नेहमी सांगतो. रॉबर्तो बाज्जोने पेनल्टी आडव्या खांबावरून मारली आणि इटली हरली, असे जगाला आठवते. प्रत्यक्षात त्याच्याआधी फ्रँको बारेसी आणि दानिएले मास्सारो यांच्याही पेनल्टी वाया गेल्या होत्या, आणि बाज्जोने ती जाळ्यात मारली असती तरी ब्राझीलची पाचवी पेनल्टी शिल्लकच होती. शिवाय इटली अंतिम फेरीपर्यंत पोहोचली ती बाद फेरीत नायजेरिया, स्पेन आणि बल्गेरिया यांच्याविरुद्ध बाज्जोने केलेल्या पाच गोलांमुळे. एवढ्या मोठ्या खेळाडूचा, एवढ्या लोकांनी पाहिलेला क्षण जर असा तोकडा करून लक्षात ठेवला जातो, तर दुसऱ्या श्रेणीतल्या लेफ्ट बॅकला अधिक न्याय मिळेल अशी अपेक्षा कशी करावी?

फुटबॉलमध्ये एकाच घटनेला इतके वजन येते, त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. वरच्या दर्जाच्या बहुतेक स्पर्धांत दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच ते तीन गोल होतात. बास्केटबॉलमध्ये शेकड्यांनी गुण होत असल्याने एखादी चूक त्यात विरून जाते. इथे एका चेंडूवर हंगाम फिरतो. म्हणजे निकालात नशिबाचा वाटा मोठा, आणि म्हणूनच निकालावरून खेळाडूचे मोजमाप करणे जोखमीचे. प्रशिक्षक म्हणून मी खेळाडूंना नेहमी दोन वेगळे प्रश्न विचारत असे: निर्णय बरोबर होता का, आणि त्यातून काय निघाले? बरोबर निर्णयातून गोल खाल्ला जातो आणि चुकीच्या निर्णयावर समोरच्याचा फटका गॅलरीत जातो. कारकीर्द पाहताना पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते, आणि त्यासाठी एक सामना पुरत नाही.

यासाठी मी खेळाडूंकडून एक तक्ता करून घेतो. प्रत्येक हंगामाला एक ओळ द्यायची. त्यात वय, प्रशिक्षक, संघाची रचना, आपली जागा, सामने, मैदानावर घालवलेली एकूण मिनिटे, दुखापती, आणि शेवटी एका वाक्यात 'माझ्याकडून नेमके काय मागितले जात होते' हे लिहायचे. सामन्यांच्या संख्येपेक्षा मिनिटे अधिक बोलतात. शेवटच्या पाच मिनिटांसाठी उतरलेला सामनाही यादीत एक सामना म्हणूनच दिसतो. आकडे भरायला एक संध्याकाळ पुरते. शेवटच्या रकान्याला मात्र आठवडे लागतात, आणि उपयोग खरा त्याचाच होतो.

आपल्या बाबतीत या रकान्याचे महत्त्व विशेष आहे, कारण आपण विंगरचे लेफ्ट बॅक झालात. हा बदल झाला तेव्हा आपल्याला तो उतरण वाटला, असे आपल्या लिहिण्याच्या सुरावरून मला वाटते. पण प्रशिक्षक एखाद्या विंगरला मागे आणतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते, ते मी दुसऱ्या बाजूने सांगू शकतो. त्याला असा माणूस हवा असतो ज्याला दबावाखाली चेंडू घेता येतो, जो वर-खाली धावू शकतो आणि सांगितलेले ऐकतो. शेवटचा गुण लोकांना वाटतो त्याहून दुर्मीळ आहे. तक्त्यात त्या बदलानंतर आपली मिनिटे वाढलेली दिसली, तर तो बदल म्हणजे आपल्या कारकिर्दीचे आयुष्य वाढवणारा निर्णय होता असे समजायला हरकत नाही. मिनिटे घटलेली दिसली, तर त्याच ओळीत प्रशिक्षकाचा रकाना पाहा. पुष्कळदा नवा प्रशिक्षक आणि घटलेली मिनिटे एकाच हंगामात सापडतात, आणि मग खेळाडू जी घसरण आपल्या पायांची समजत होता, ती एका माणसाच्या आवडीनिवडीची निघते.

चेंडूशिवायच्या वेळेचाही हिशेब करायला हवा. व्यावसायिक सामन्यात मैदानी खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, पण चेंडू त्याच्या स्वतःच्या पायाशी असतो तो अवघी एक-दोन मिनिटे, फार तर तीन. बाकी सगळा वेळ जागा घेणे, जागा सोडणे, इशारा करणे, धावल्याचा भास निर्माण करणे यात जातो. चाहत्यांना आणि वार्ताहरांना त्या दोन-तीन मिनिटांचे खेळाडू आठवतात. आपण मात्र उरलेल्या वेळेचे कामगार होतात, आणि आपली साक्ष त्या वेळेतूनच काढावी लागेल.

ती काढण्याचा उत्तम मार्ग म्हणजे बरोबर खेळलेल्यांना विचारणे, पण प्रश्न नीट निवडून. 'मी कसा खेळायचो?' असे विचारले की 'छान!' एवढेच उत्तर येते, कारण जुने सहकारी प्रेमळ असतात. त्याऐवजी डाव्या सेंटर बॅकला विचारा: मी शेजारी असताना तू काय वेगळे करायचास? तो म्हणेल की तू पुढे गेलास की मी बाहेर सरकायचो, किंवा तू असलास की मला मागे पाहावे लागत नसे, किंवा अगदी उलटही. हे खरे उत्तर. जमल्यास ज्याच्याशी वारंवार गाठ पडली अशा एखाद्या प्रतिस्पर्धी राइट विंगरला विचारा. प्रतिस्पर्धी फार स्पष्ट बोलतात. निवृत्तीनंतर तर अधिकच. आणि क्लबच्या फिजिओला विसरू नका. कोण कोणत्या अवस्थेत मैदानावर उतरला होता, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

दुखापतींबद्दल इथेच लिहितो. वेदना आठवत नाही. ती होती एवढेच आठवते. त्यामुळे घोटा घट्ट बांधून किंवा भुलीचे इंजेक्शन घेऊन खेळलेले महिने पुढे स्मरणात नुसतेच 'वाईट खेळलो' असे उरतात. अर्जेंटिनाचा आघाडीपटू गाब्रिएल बातिस्तुता याने निवृत्तीनंतर उघडपणे सांगितले की घोट्यांच्या वेदनेपायी त्याने डॉक्टरांना पाय कापून टाका असे विनवले होते. त्याच्या गोलांच्या यादीकडे पाहून ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येणार नाही. क्लबकडून आपले वैद्यकीय कागद मागवून घ्या आणि त्या तारखा तक्त्याशेजारी ठेवून पाहा. ज्या दोन-तीन महिन्यांसाठी आपण स्वतःला दोष देत आला आहात, त्याच महिन्यांत हॅमस्ट्रिंगच्या किंवा घोट्याच्या नोंदी सापडण्याची शक्यता बरीच आहे. न सापडल्यास तेही मान्य करावे.

काळाचे भानही ठेवावे लागते. मी बचाव शिकलो तेव्हा दबाव आला की चेंडू गोलरक्षकाच्या हातात परत देता येत असे. १९९२ साली नियम बदलला, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे बंद झाले, आणि माझ्या पिढीच्या बचावपटूंना चेंडू घेताना उभे कसे राहायचे इथपासून पुन्हा शिकावे लागले. काहींना ते जमले नाही, आणि ते वाईट खेळाडू होते असे लोक म्हणू लागले. आपल्या काळातही बदल झालेच: गतीची आणि अंतराची नोंद करणारी उपकरणे सामन्यात घालण्यास २०१५ पासून परवानगी मिळाली, व्हिडिओ साहाय्यक पंच २०१८ मध्ये नियमांत आले, आणि तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची सोय २०२० मध्ये सुरू झाली. शेवटच्या बदलाचा तिशी ओलांडलेल्या फुलबॅकवर काय परिणाम झाला, हे आपल्या शेवटच्या हंगामांच्या मिनिटांत दिसेल. पाच बदल मिळाल्यावर सर्वाधिक धावणाऱ्या जागा प्रशिक्षक सर्रास साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला ताज्या पायांकडे देऊ लागले. आपण पूर्ण वेळ खेळेनासे झालात, याचे कारण वयाबरोबर हेही असू शकते.

निवडीतल्या नशिबाबद्दल फार लिहीत नाही. वयोगटाच्या निवडवर्षात आधीच्या महिन्यांत जन्मलेली मुले अकादमीत प्रमाणाबाहेर अधिक असतात, हे अनेक देशांत आढळले आहे, कारण बाराव्या वर्षी दहा महिन्यांचे अंतर म्हणजे खांद्याएवढा फरक असतो. एवढे लक्षात घेतले तरी 'माझ्यापेक्षा चांगले कितीतरी होते' आणि 'मी माझ्या बळावर आलो' या दोन्ही टोकाच्या वाक्यांची धार जाते.

इथवरचे म्हणणे एकत्र करतो. त्या एका गोलाची साखळी विस्तृत चित्रणावरून तपासावी, हंगामांचा तक्ता करून आपल्याकडून काय मागितले जात होते ते लिहावे, आणि मग सहकारी, प्रतिस्पर्धी आणि फिजिओ यांच्या साक्षी व वैद्यकीय नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर मोलाचा प्रश्न घ्यावा, आणि तो असा विचारावा: जे काम मला नेमून दिले होते, ते मी बहुतेक दिवस, माझ्या शरीराच्या त्या वेळच्या अवस्थेत, किती विश्वासाने पार पाडले? पदके किती, हा प्रश्न त्यात येत नाही. पदकांनी समाधान होते असे समजणाऱ्यांनी इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनीकडे पाहावे. त्याने पाच वेळा क्लबांचा युरोपीय चषक जिंकला. पण राष्ट्रीय संघाबरोबर १९९४ च्या विश्वचषकाची आणि २००० च्या युरोपीय स्पर्धेची अंतिम लढत हरला, आणि क्लबांच्या युरोपीय चषकाच्या २००५ च्या इस्तंबूलमधील अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटाला गोल करूनही, मध्यंतराला ३-० अशी आघाडी असूनही, त्याचा क्लब अखेर पेनल्टींवर पराभूत झाला.

आता लिहिण्याविषयी. लिहा, पण कोणासाठी ते आधी ठरवा. घरच्यांसाठी लिहायचे असेल तर निर्णायक सामन्यांपासून सुरुवात करू नका, कारण ते त्यांनी पाहिलेले आहेत. त्यांनी न पाहिलेले लिहा. हंगामाच्या मध्यावरची मंगळवारची सराव सकाळ घ्या: ओल्या गवतासाठी स्टड कोणते निवडायचे याची कुजबुज, टेपच्या रिळाचा करकर आवाज, छोट्या चौकोनात पाच विरुद्ध दोनच्या खेळात कोणाला मुद्दाम मध्ये ठेवले जायचे, संघाची यादी लावण्याआधी प्रशिक्षक कोणाच्या नजरेला नजर देत नाही हे सगळ्यांना कसे ठाऊक असायचे, आणि यादीत नाव नसताना पुढचा तासभर चेहरा कसा ठेवावा लागायचा. बाकावर बसण्याचेही एक कौशल्य असते, आणि त्याबद्दल लिहिणारे फार थोडे. आपण लिहिलेत तर ते मला स्वतःला वाचायला आवडेल.

दोन पथ्ये मात्र पाळा. सहकाऱ्यांच्या दुखापती, त्यांचे करार आणि घरगुती अडचणी त्यांच्या परवानगीवाचून कागदावर आणू नका. ड्रेसिंग रूममध्ये जे विश्वासाने बोलले गेले, त्याची मालकी एकट्याची नसते. आणि ज्या प्रशिक्षकाने आपल्याला वगळले, त्याच्याबद्दलचा मजकूर पहिल्या खर्ड्यात हवा तेवढा कडवट लिहा, मग दोन महिने बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा वाचताना स्वतःला विचारा की त्या शनिवारी त्याच्या जागी मी असतो, माझ्यासमोर तेच दोन लेफ्ट बॅक असते, तर कोणाला खेळवले असते. उत्तर काहीही येवो, तो परिच्छेद सुधारेल.

काही खंत यातूनही जाणार नाही. बढती हुकली, ती हुकलीच. त्या गोलाचा जो भाग आपला होता, तो आपलाच राहील. मात्र चित्रण पाहताना छाती धडधडू लागली, झोप उडू लागली किंवा नंतर कित्येक दिवस चिडचिड होत राहिली, तर उजळणी तिथेच थांबवा आणि क्रीडा मानसोपचाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला भेटा. अनेक देशांतील खेळाडू संघटना निवृत्त सभासदांना अशी मदत मिळवून देतात, तेव्हा आपल्या संघटनेकडे आधी चौकशी करा. तशी अडचण नसेल तर पहिले काम विश्लेषकाला पत्र पाठवण्याचे. क्लब जुनी चित्रणे कायमची जपून ठेवतातच असे नाही, आणि विश्लेषक नोकरी बदलून गेला की ती कोणत्या हार्ड डिस्कवर आहेत हे सांगणारा माणूसही क्लबमध्ये उरत नाही.